पुडीतली बुरशी आणि मातीतली बुरशी

खरिपाच्या तोंडावर डीएपीचे पोते घ्यायला कृषिसेवा केंद्रात गेलेल्या शेतकऱ्याला पोत्याबरोबर आणखी काहीतरी गळ्यात बांधून घ्यावे लागते, ही गोष्ट महाराष्ट्रात आता कोणाला नवी राहिलेली नाही. व्यापाराच्या भाषेत तिला ‘लिंकिंग’ म्हणतात. कधी ते विद्राव्य खत असते, कधी सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली, तर कधी ‘मायकोरायझा’ असे ठळक छापलेली पुडी. पुडीवर भरघोस मुळ्यांचे रंगीत चित्र असते आणि पावसाने ताण दिला तरी पीक तग धरील, अशा अर्थाचे आश्वासन असते. आतील वस्तू जिवंत आहे की मेलेली, हे ओळखण्याचे साधन ना विकणाऱ्याजवळ असते ना घेणाऱ्याजवळ. पोत्यातील स्फुरद आणि पुडीतील बुरशी यांचे एकमेकांशी वैर आहे, हे तर त्या दुकानात कोणीच सांगत नाही. दोन्ही एकाच पावतीवर विकली जातात.

या वैरामागे वनस्पतिशास्त्र जितके आहे तितकेच अर्थकारणही आहे. आणि ज्या राज्यातील सुमारे चार पंचमांश शेतजमीन पावसाच्या भरवशावर पिकते, त्या राज्याला हे अर्थकारण दृष्टीआड करणे परवडणारे नाही.

मायकोरायझा म्हणजे बुरशी आणि मूळ यांचे सहजीवन. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ साली हा शब्द प्रथम वापरला. गंमत अशी की, प्रशियाच्या सरकारने त्यांना काम दिले होते ते श्रीमंतांच्या ताटातील ‘ट्रफल’ नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड कशी वाढविता येईल, हे शोधण्याचे. ट्रफलची शेती काही उभी राहिली नाही. मात्र झाडांच्या मुळांवर बुरशीचे आवरण असते आणि ते झाडाला मारक नसून पोषक असते, हा शोध त्यातून निघाला. शेतातील बहुतेक पिकांची सोबत करणारी बुरशी निराळ्या कुळातील आहे. ती मुळाबाहेर आवरण करीत नाही; मुळाच्या पेशीत शिरून तेथे झुडपासारखी बारीक फांद्यांची रचना करते आणि त्या रचनेतून देवघेव चालते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांत ही रचना स्पष्ट दिसते. वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या तेव्हा त्यांना धड मुळेही नव्हती, तेव्हापासूनची ही सोबत आहे. ज्वारी, बाजरी, मका, तूर, हरभरा, कापूस, सोयाबीन, कांदा या सर्व पिकांना ती लाभते. मोहरी-कोबीचे कूळ आणि पालक, राजगिरा, चाकवत यांचे कूळ मात्र या व्यवहारापासून बहुतांशी अलिप्त राहिले आहे.

व्यवहाराचे स्वरूप असे. वनस्पती प्रकाशसंश्लेषणातून मिळविलेल्या कार्बनचा काही हिस्सा, साखर आणि स्निग्ध द्रव्ये या रूपांत, बुरशीला देते. हा हिस्सा साधारण चार ते वीस टक्के असतो असे मानले जाते. बुरशीला स्वतःची स्निग्ध द्रव्ये मुळापासून तयार करता येत नाहीत, ती वनस्पतीकडूनच येतात, हे २०१७ साली सिद्ध झाले. मोबदल्यात बुरशी आपल्या तंतूंनी मातीतून स्फुरद, जस्त, काही प्रमाणात नत्र आणि पाणी आणून देते. स्फुरद मातीत जवळजवळ जागचा हलत नाही. मूळ आपल्याभोवतीचे एकदोन मिलिमीटरमधील स्फुरद शोषून घेते आणि मग उपाशी बसते; पलीकडचे स्फुरद तेथपर्यंत सरकत यायला फार काळ लागतो. बुरशीचा तंतू त्या उपासाच्या पट्ट्यापलीकडे कित्येक सेंटिमीटर जातो. तो मुळावरच्या केसाहूनही बारीक असल्याने मातीच्या ज्या सूक्ष्म छिद्रांत मूळ शिरू शकत नाही, तेथे तो शिरतो.

पावसाने ताण दिला की या गोष्टीला निराळेच महत्त्व येते. माती वाळू लागली की मोठ्या छिद्रांतील पाणी प्रथम जाते, आणि पाण्याच्या पातळ थरातून सरकणारे स्फुरद आणखीच मंदावते. म्हणजे कोरड्या पडलेल्या रानात पीक तहानलेले असते त्याबरोबरच उपाशीही असते; किंबहुना मध्यम प्रतीच्या ताणात उपासाचा भाग पुष्कळदा मोठा असतो. नेमक्या याच वेळी बारीक छिद्रांत पोहोचलेले कवकतंतू कामास येतात. शिवाय बुरशी असलेल्या वनस्पतीत पेशीपटलांतील पाण्याच्या वाटा आणि पानांच्या रंध्रांचे नियमन यांत फरक पडतो, आणि तंतूंच्या जाळ्यामुळे मातीचे कण रवाळ होऊन पाणी धरून ठेवण्याची तिची शक्ती वाढते, असे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. क्षारांच्या ताणात पिकाच्या अंगात सोडियम कमी आणि पालाश अधिक राहील, असाही या सोबतीचा परिणाम आढळतो. परंतु बुरशी पाणी निर्माण करीत नाही. ताण पराकोटीला गेला, पाने मिटली, प्रकाशसंश्लेषण थांबले, की वनस्पतीजवळ बुरशीला द्यायलाच काही उरत नाही आणि दोघेही एकत्र उपाशी राहतात. सलग दोन महिने पाऊस नसलेल्या रानात पुडीने पीक वाचेल असे जो सांगतो, तो एकतर अज्ञानी आहे किंवा विक्रेता.

आता पोत्याकडे वळावे. वनस्पती बुरशीला जो कार्बन देते तो तिला स्वस्त पडत नाही. म्हणून मातीत सहज मिळणारे स्फुरद मुबलक असले की ती बुरशीला दार बंद करते. हे दार कसे उघडते आणि मिटते याचा उलगडा गेल्या वीस वर्षांत झाला, आणि त्याचा धागा विदर्भ-मराठवाड्याच्या ओळखीच्या एका तणापर्यंत जातो. स्फुरदाची चणचण भासली की मुळे मातीत काही द्रव्ये सोडतात. त्यांतील पहिले द्रव्य १९६६ साली कापसाच्या मुळांपाशी सापडले, पण तेव्हा ते ओळखले गेले टारफुल्याचे बी उगवविणारे द्रव्य म्हणून. ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचे रक्त शोषणारा हा टारफुला त्या द्रव्याच्या वासावर जागा होतो. पीक स्वतःच्या वैऱ्याला स्वतःच का बोलावते, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. २००५ साली जपानी संशोधकांनी दाखविले की ते बोलावणे वैऱ्यासाठी नव्हतेच. ते बुरशीसाठी होते. टारफुला ते चोरून ऐकत होता. स्फुरद भरपूर मिळाले की हे बोलावणे थांबते, आणि मुळांच्या पेशींतील बुरशीला आत घेणारी यंत्रणाही मंद होते.

तेव्हा पेरणीबरोबर ओळीत डीएपी टाकून वर मायकोरायझाची पुडी मिसळणे म्हणजे पाहुण्याला आमंत्रण धाडून दाराला कुलूप लावणे होय. त्यातच बियाणे बुरशीनाशक चोळून आलेले असते. संशोधकांना प्रयोगासाठी एखाद्या वाफ्यातील मायकोरायझा मुद्दाम दडपायची असते तेव्हा ते बेनोमिल नावाचे बुरशीनाशक वापरतात. आणि बेनोमिलचे विघटन होऊन जे कार्बेन्डाझिम तयार होते, त्याचीच बीजप्रक्रियेसाठी वर्षानुवर्षे शिफारस होत आली आहे. बियाण्यावरील मात्रा अल्प असते आणि सर्वच बुरशीनाशके सारखी घातक नसतात, हे मान्य केले पाहिजे. परंतु युरोपातील दीडशे ठिकाणच्या मातीची तपासणी करून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्षही हाच होता की, जेथे बुरशीनाशकांचा वापर तेथे बुरशीची स्फुरद पोहोचविण्याची क्षमता घटलेली.

या टीकेतून रासायनिक स्फुरद हे विषच आहे, असा अर्थ काढण्याची घाई कोणी करू नये. स्फुरद हे मूलद्रव्य आहे; बुरशी ते निर्माण करीत नाही, मातीत असलेले शोधून आणते. पिकाबरोबर शेतातून गेलेले स्फुरद कोठून तरी परत आलेच पाहिजे. प्रश्न आहे तो किती, कोणत्या जमिनीला, आणि कोणाच्या सोयीने. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा जेमतेम पाचवा हिस्सा पहिल्या पिकाला मिळतो. उरलेले मातीत जखडले जाते. हे जखडलेले स्फुरद वर्षानुवर्षे साठत जाते आणि तरीही दर हंगामाला तीच ठोक मात्रा ओतली जाते. जमिनीच्या पोटात ठेव आहे, आणि ती काढून देणारा मजूरही तेथेच आहे. त्याला बेकार ठेवून बाहेरून माल आणण्याचा हा व्यवहार आहे.

आणि हा माल येतो कोठून? जगातील ज्ञात स्फुरद-खडकाच्या साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठे मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातील पश्चिम सहारा यांत आहेत. स्पेनने १९७५ साली पश्चिम सहारातून पाय काढला आणि तेथील सहरावी जनतेला स्वयंनिर्णयाचा अधिकार मिळण्याऐवजी परकी सैन्य मिळाले. बू क्रा येथील खाणीतून खडक समुद्रापर्यंत वाहून नेणारा लांबलचक पट्टा तेव्हापासून त्या सैन्याच्या पहाऱ्यात फिरतो आहे. भारतात उदयपूरजवळचे झामरकोटडा सोडले तर सांगण्याजोगी मोठी खाण नाही. डीएपीचा मोठा भाग तयारच आयात होतो, आणि देशात बनतो त्याचाही कच्चा माल बाहेरचा. २००७-०८ मध्ये जागतिक बाजारात खडकाची किंमत वर्षभरात सुमारे आठपट झाली. २०२१ साली चीनने निर्यातीवर निर्बंध घातले. २०२४ च्या रब्बीत अनेक राज्यांत डीएपीसाठी रांगा लागल्या. १ एप्रिल २०१० पासून केंद्राने स्फुरद व पालाशासाठी अन्नद्रव्याधारित अनुदान लागू करून किमती कंपन्यांवर सोपविल्या, युरियाला मात्र हात लावला नाही. परिणामी दोनअडीच वर्षांत डीएपीचा भाव दुपटीहून अधिक झाला आणि नत्र-स्फुरदाचा तोल पुरता ढासळला. २०२२-२३ साली खतावरील अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात पोहोचले. यातील किती रक्कम शेतकऱ्याच्या रानात उतरली आणि किती मातीत जखडून पडली, हा हिशेब कोणत्याही अर्थमंत्र्याने संसदेपुढे मांडलेला नाही.

असे असताना पुडी विकणाऱ्यांचा दावा असा की, मायकोरायझा हा पर्याय त्यांच्या गोदामात तयार आहे. या दाव्यातील गोम समजून घेतली पाहिजे. शेतातील पिकांची ही बुरशी जिवंत मुळाशिवाय जगत नाही. यीस्टसारखी ती टाकीत वाढविता येत नाही. एकतर कुंडीतील रोपांच्या मुळांवर ती पोसावी लागते, नाहीतर प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढविलेल्या मुळांवर. दुसऱ्या पद्धतीने ती निर्जंतुक रूपात वाढविण्याचे तंत्र भारतात विकसित झाले, उद्योगांना दिले गेले, आणि ती शास्त्रीय कामगिरी लहान नाही. परंतु ताटलीत मुकाट्याने वाढणाऱ्या जाती मोजक्याच आहेत. जेथे-तेथे त्याच दोनचार जाती विकल्या जातात. मग रान बीडचे असो की भंडाऱ्याचे. उन्हात तापणाऱ्या गोदामात सहा महिने पडलेल्या पुडीत कितीसा जीव उरतो, हा प्रश्न वेगळाच.

स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत एकाच जातीची जिवंत, खात्रीची बुरशी टाकून केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२३ साली आले. फरक कोठे ४० टक्के वाढीचा, तर कोठे १२ टक्के घटीचा. सुमारे चौथाई शेतांतच लाभ ठळक होता, आणि तो कोठे होईल हे मातीतील स्फुरदापेक्षा तेथे आधीपासून असलेल्या रोगकारक बुरश्यांवरून अधिक चांगले सांगता येत होते. हे झाले खात्रीच्या बुरशीचे. बाजारातील उत्पादनांच्या चाचण्यांचा २०२४ साली जो एकत्र आढावा घेण्यात आला, त्यात बहुसंख्य उत्पादने मुळात रुजण्याच्या साध्या कसोटीलाही उतरली नाहीत.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये जैविक खते २००६ साली आणि मायकोरायझा २००९ साली समाविष्ट झाली. जिवंत घटकांची किमान संख्या, मुळात शिरण्याची क्षमता, यांची मानके कागदावर आहेत. पण ही क्षमता तपासायची तर रोप लावून, काही आठवडे थांबून, मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मोजावी लागतात. तालुक्याच्या खत निरीक्षकाकडे यांपैकी काय आहे? गाझियाबादचे राष्ट्रीय केंद्र आणि नागपूरसह त्याची प्रादेशिक केंद्रे सबंध देशाच्या दुकानांना पुरी पडतील, अशी अपेक्षा करणेच हास्यास्पद आहे. २०२१ साली ‘जैव-उत्तेजक’ नावाखाली आणखी शेकडो उत्पादने आदेशाच्या कक्षेत आणली गेली आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर त्यांच्या विक्रीला एकामागून एक मुदतवाढ मिळत गेली. नियम आधी आणि तपासणी मागाहून, ही या देशातील जुनी रीत. मधल्या काळातील प्रयोगाचा खर्च मात्र कोरडवाहू शेतकऱ्याने सोसायचा.

खरी गोष्ट अशी की, बहुतेक शेतांत बुरशी आहेच. ती कमकुवत झाली असेल तर ती का झाली, हा विचारण्याजोगा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर पुडीत भरून विकता येत नसल्यामुळे त्यावर जाहिरात होत नाही.

या संदर्भात ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधील डार्लिंग डाउन्स या भागाचा अनुभव महाराष्ट्राने अभ्यासावा असा आहे. तेथील जमीन काळी, भारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. मराठवाड्याच्या जमिनीची सख्खी बहीण. दुष्काळामुळे वर्ष-दीड वर्ष रान पड ठेवावे, पोटात ओल आणि नत्र साठू द्यावे, आणि मग पेरणी करावी, अशी रीत होती. ओल असे, नत्र असे, तरीही पीक खुरटे आणि पिवळे निघे. जॉन थॉम्प्सन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून कारण पुढे आले. दीर्घ पडीच्या काळात जिवंत मूळ नसल्याने मायकोरायझा उपासमारीने संपली होती, आणि सूर्यफुलासारखे पीक मातीत स्फुरद व जस्त असूनही त्यांवाचून तडफडत होते. म्हणजे दुष्काळाचा एक फटका पाऊस आल्यानंतर बसतो. पाऊस परतला, सरकारने पंचनामे गुंडाळले, मंत्र्यांनी हार स्वीकारले. आणि मातीखालचा दुष्काळ पुढल्या हंगामात तसाच चालू राहिला.

सोलापूर, मंगळवेढा, बीडच्या काळ्या रानात खरीप पड टाकून रब्बी ज्वारी घेण्याची जुनी पद्धत आहे आणि ओल धरण्याच्या दृष्टीने तिच्यात शहाणपण आहे. त्या पडीत थोडे मूग-मटकीचे आच्छादन राहिले तर बुरशीचा धागा तुटणार नाही, हा विचार तेथील शेतकऱ्याला परका वाटणार नाही. याउलट वर्षातून दोनदा रोटाव्हेटर फिरवून मातीचे पीठ करण्याची जी चाल गेल्या काही दशकांत पडली, तिने तंतूंच्या जाळ्याच्या चिंधड्या होतात. मात्र येथेही विना-नांगरणीचा मंत्र डोळे मिटून जपण्यात अर्थ नाही. नांगरट टाळायची तर तणाचे काय, हा प्रश्न उभा राहतो, आणि बाजाराचे उत्तर तणनाशक हे असते. खुरपणीवर जगणाऱ्या मजूर बायकांची रोजी त्यात जाते. मातीची बुरशी वाचविण्याचा खर्च शेतमजूर स्त्रीच्या चुलीवर टाकणाऱ्या योजनेला सुधारणा म्हणता येणार नाही.

आणि जमीन कोणाची, हाही प्रश्न आहेच. कवकतंतूंचे जाळे, रवाळ माती, शेणखताचा अंश ही सारी संपत्ती वर्षांच्या हिशेबाने जमते. बटईने किंवा एका सालाच्या मक्त्याने रान कसणाऱ्या माणसाला पुढच्या सालाची खात्री नसते. त्याने आज आच्छादन पिकावर खर्च करावा आणि त्याचे फळ पुढच्या वर्षी दुसऱ्याने चाखावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? तो पोते ओततो, कारण पोत्याचा परिणाम त्याच हंगामात दिसतो. कूळकायद्याच्या धाकाने मालक लेखी करार करीत नाही, करार नाही म्हणून कसणाऱ्याला पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही. मृदाशास्त्रज्ञांच्या परिषदांत या माणसाचा उल्लेख होत नाही; आणि मातीचा जीव तर त्याच्याच हातात आहे.

या विषयावर अलीकडे पुष्कळ भावुक लिखाणही झाले आहे. १९९७ साली कॅनडाच्या सुझान सिमार्ड यांनी जंगलातील झाडांमध्ये बुरशीच्या जाळ्यातून कार्बन जातो, असे दाखविले. त्यावरून ‘माता-वृक्ष’ आपल्या लेकरांना भरवितात, जंगल म्हणजे एक समाजवादी कुटुंब आहे, अशा कथा रचल्या गेल्या. २०२३ साली याच क्षेत्रातील तिघा शास्त्रज्ञांनी पुरावे तपासून बजावले की, या कथा पुराव्याच्या फार पुढे धावत आहेत. दुसरीकडे, २०११ पासून ‘जैविक बाजार’ ही कल्पना जोरात आहे: बुरशी अधिक कार्बन देणाऱ्या मुळाला अधिक स्फुरद देते, मूळही अधिक स्फुरद देणाऱ्या बुरशीला झुकते माप देते, म्हणून निसर्गच मुक्त बाजाराचा पुरस्कर्ता ठरतो! क्रोपोट्किनने १९०२ साली परस्पर-साहाय्यावर ग्रंथ लिहिला तो डार्विनच्या नावाने स्पर्धेचे स्तोम माजविणाऱ्यांना उत्तर म्हणून. त्यालाही निसर्गातून मानवी समाजाचा दाखला काढण्याचा मोह आवरला नव्हता. बुरशीला पक्ष नसतो.

तरीही एक प्रयोग दोन्ही बाजूंच्या भाष्यकारांनी नीट वाचावा. बाझेलच्या संशोधकांनी २०१२ साली ज्वारी आणि जवस एका कुंडीत, एका बुरशीच्या जाळ्यावर वाढविले. ज्वारीने जाळ्याला कार्बन भरभरून दिला आणि तिला परत मिळाले थोडेच. जवसाने किरकोळ कार्बन दिला आणि जाळ्यातून येणाऱ्या नत्र-स्फुरदाचा ९४ टक्क्यांपर्यंत वाटा उचलला. देवघेव उघडउघड असमान होती. पण ज्वारीची वाढ त्यामुळे फारशी खुंटली नाही, आणि जवस मात्र चांगलेच फोफावले. उन्हाच्या देशातील ज्वारीला कार्बनची ददात नसते. तिला जे जड नव्हते ते जवसाला मोलाचे होते. बाजाराच्या गणितात हा घाटा ठरेल. एका रानात ज्वारीच्या पाट्यात जवस, करडई, तूर पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या गणितात तो घाटा नाही, कारण दोन्ही पिके त्याच्याच खळ्यावर येतात. दक्षिण भारतात नाचणी आणि तूर यांच्या मिश्रपिकावरील प्रयोगांत याचीच दुसरी बाजू दिसली. पाणी पुरेसे असताना तूर नाचणीशी चढाओढ करते. पाणी आटले की खोलवर गेलेल्या तुरीच्या मुळांनी वर आणलेली ओल उथळ मुळांच्या नाचणीला जगविते. एकच जोडी, एकच रान. पाणी बदलले की नाते बदलते.

नेमक्या याच जागी ‘नैसर्गिक शेती’च्या सरकारी उमाळ्याची पारख करावी लागते. २०१९-२० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शून्य-खर्चाच्या शेतीचा गौरव झाला. जमिनीत सर्व काही आहे, शेतकऱ्याने फक्त निसर्गाला वाट मोकळी करून द्यावी, हा उपदेश अनुदानाचे ओझे जड झालेल्या सरकारला गोड लागणे स्वाभाविक आहे. पण संक्रमणाच्या तीनचार वर्षांत उत्पन्न घटले तर ते कोणी भरून द्यायचे, यावर उपदेशकांचे मौन असते. कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीचेही तसेच. तेथे अतिसिंचनाने मीठ वर आले. बुरशीची पुडी टाकून निचऱ्याच्या चरांचा खर्च वाचवू पाहणाऱ्याला मीठ काही सोडणार नाही. उद्या ‘कार्बन क्रेडिट’वालेही येतील. जगातील वनस्पती दरवर्षी १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन या बुरश्यांच्या हवाली करतात, असा २०२३ मधील अंदाज आहे; हवाली केलेला आणि कायमचा साठलेला यांत फरक आहे, एवढे तरी तोवर ध्यानात राहावे.

पुडीचे खरे क्षेत्र कोणते, याचे उत्तरही याच राज्यात मिळालेले आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मँगनीज खाणीच्या टाकाऊ मातीचे डोंगर उभे होते. तेथे ना सेंद्रिय अंश, ना जीव, उन्हात तापणारी धातुयुक्त धूळ. नागपूरच्या नीरी संस्थेने साखर कारखान्यांतील प्रेसमड, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा यांच्या एकत्रित वापराने त्या ढिगाऱ्यांवर झाडे उभी केली. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींनी टाकलेल्या ढिगाऱ्यांवर तग धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांतील बुरश्यांचा अभ्यास गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने केला आहे. जेथे वरची माती खरवडून नेली, तेथे बुरशी बाहेरून आणावीच लागते, आणि ती स्थानिक, त्याच मातीत टिकलेली असेल तर उत्तम. परंतु गोव्यातील लोहखनिजाचा नफा दशकानुदशके खाजगी खिशात गेला. शहा आयोगाच्या २०१२ च्या अहवालानंतर खाणी थांबल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, आणि ढिगारे मात्र पावसाळ्यात खालच्या भातखाचरांत उतरत राहिले. त्या ढिगाऱ्यांवर झाडे लावण्याचा खर्च खाण चालविणाऱ्यांकडून वसूल करण्यात कोणते शास्त्रीय गूढ आहे?

राज्यकर्त्यांना खरोखरच काही करावयाचे असेल तर कामे समोर आहेत. २०१५ पासून वाटल्या जाणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटकांची नोंद असते आणि त्यांत मातीतील जीवाचा एकही नाही. ज्वारीच्या मुळांचा तुकडा रंगवून त्यात बुरशी किती शिरली आहे हे पाहणे कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जमते, तेव्हा निवडक गावांपासून ही तपासणी सुरू करता येईल. ज्या जमिनीत स्फुरद साठून राहिले आहे तेथे ठोक मात्रेची शिफारस मागे घ्यावी, आणि खताची बचत झाली तर अनुदानातील तेवढी रक्कम शेणखत व आच्छादन पिकासाठी त्याच शेतकऱ्याला, मग तो बटईदार का असेना, मिळावी. पोत्याबरोबर पुडी गळ्यात मारणाऱ्या पुरवठादारावर परवाना रद्द होण्याइतकी कारवाई व्हावी. आजवर ताशेरे विक्रेत्यावर आणि माल लादणारी कंपनी नामानिराळी, असा प्रकार चालत आला आहे. राहुरी, परभणी, अकोला आणि दापोली या चार कृषी विद्यापीठांनी आपापल्या विभागातील स्थानिक बुरशी गोळा करून, ती शेताच्या बांधावरच मका किंवा गवताच्या वाफ्यात वाढविण्याची रीत शेतकरी गटांना शिकवावी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात डी. जे. बागयराज यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या बुरशीवर आयुष्यभर जे काम केले, ते सार्वजनिक पैशातून झालेले आहे आणि सर्वांसाठी खुले आहे.

सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राचे काम १९३३ पासून चालू आहे. ज्वारी-जवस, ज्वारी-तूर, पड आणि आच्छादन यांचे दहा वर्षांचे प्रयोग, स्फुरदाच्या वेगवेगळ्या मात्रांसह आणि कोरड्या वर्षांची नोंद ठेवून, तेथे लावावेत. त्याला लागणारी सबंध रक्कम २०२२-२३ मधील खत-अनुदानाच्या एका दिवसाच्या खर्चाहून कमी भरेल.